सहा मिनिटांची हरकत

मापकाकांनी निवृत्तीनंतर एकूण चार अर्ज केले आणि त्यातले दोन स्वतःच्याच विरुद्ध केले. असा माणूस शहाणा की खुळा, यावर त्यांच्या गल्लीत आजही एकमत नाही. जवळची माणसे म्हणतात, प्रश्न शहाणपणाचा नव्हताच, सवयीचा होता. काकांनी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून एकतीस वर्षे काढली. दुकानदारांचे काटे तपासायचे, लिटरची मापे पाणी ओतून बघायची, खरी निघाली तर शिक्का मारायचा, खोटी निघाली तर उचलून कचेरीत न्यायची. अशा माणसाला निवृत्त करता येते, पण त्याच्या खिशातली टेप काढून घेता येत नाही.

गल्ली तशी साधी. एका हाताला सहा घरे, दुसऱ्या हाताला सात, मधे सहा मीटर ऐंशी सेंटिमीटर रस्ता. हे माप अर्थातच काकांचे. पण गल्लीचे एक तोंड मोठ्या रस्त्याला आणि दुसरे थेट रेल्वे फाटकाशी उघडते, आणि इथेच घोडे पेंड खाते. फाटकाची घंटा वाजायला लागली की मोठ्या रस्त्यावरच्या रांगेच्या शेपटीला उभे राहणे सगळ्यांच्याच जिवावर येते. सगळे गल्लीत घुसतात आणि फाटक पडायच्या आत पलीकडे निसटण्यासाठी वाहने दामटतात. ती दोन मिनिटे गल्लीतली माणसे उंबऱ्याच्या आत काढतात. फाटक एकदा पडले की अडकलेली वाहने वीस-वीस मिनिटे उभी. ते उघडले की पुन्हा तीच पळापळ, फक्त या वेळी सुटकेच्या आनंदात.

एका संध्याकाळी काकू रस्ता ओलांडत असताना एक पांढरी व्हॅन त्यांच्या पिशवीला घासून गेली. काकूंना खरचटलेदेखील नाही. पिशवी मात्र हातातून उडाली आणि आतला वाचायचा चष्मा मागच्या टेंपोच्या चाकाखाली गेला. काकूंनी पिशवी उचलली, झटकली, घरी परत आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आता मी त्या बाजूला जायची नाही."

त्या बाजूला ताई राहत होत्या. ताई म्हणजे काकूंची थोरली बहीण, बरोबर समोरच्या घरात, तळमजल्यावर. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली ती परत येणार नव्हती. तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेपाचला काकू काठी टेकत पलीकडे जायच्या आणि ताईंना वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या. आधी निधनवार्ता, मग हवामान, मग अग्रलेख. अग्रलेखाच्या दुसऱ्या परिच्छेदाला ताईंना झोप लागायची, पण काकू शेवटपर्यंत वाचायच्या, कारण मधेच थांबले की ताई डोळे न उघडता म्हणायच्या, "मी ऐकतेय."

चष्मा दुसरा आणला. धीर आणता आला नाही. काकूंनी फोनवरून वाचून पाहिले, पण ताई फोन उलटा धरायच्या आणि "अगं, मोठ्यानं वाच, कोण गेलं म्हणालीस?" असे ओरडायच्या. मग काकू गॅलरीतून वाचू लागल्या. तीन दिवस साऱ्या गल्लीने निधनवार्ता ऐकल्या आणि चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या शिंप्याने हात जोडून विनंती केली, की वहिनी, निदान गिऱ्हाईक मापाला उभं असताना तरी नको. काकू गप्प झाल्या. रोज साडेपाचला त्या घडी न मोडलेला पेपर मांडीवर घेऊन गॅलरीत बसू लागल्या, आणि समोरच्या खिडकीत ताई, दिसत नसताना, याच दिशेला तोंड करून.

काकांना हे बघवेना. पण तसे बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती. शिवाय ताईंच्या घराच्या बाबतीत त्यांची बाजू आधीच थोडी लंगडी होती. ताईंच्या यजमानांचे किराणा दुकान होते आणि फार वर्षांपूर्वी तपासणीत त्यांच्या काट्यात फरक निघाला, तेव्हा काकांनी सख्ख्या साडूचा काटा सील करून कचेरीत नेला होता. त्यानंतर ते दोघे पुरुष बारा वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. बहिणींनी मात्र एक संध्याकाळ चुकवली नाही. त्यामुळे आता ती संध्याकाळ चुकते आहे म्हटल्यावर काकांनी जे त्यांना येत होते तेच केले. कोरा कागद काढला, समास आखला आणि लिहिले, 'विषय : गल्लीत गतिरोधक बसवून मिळणेबाबत.'

मसुदा वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी वाचला. वकिलांनी कोर्टाची पायरी सोडून नऊ वर्षे झाली होती, पण सल्ला द्यायचे सोडले नव्हते.

"हे काय? 'माझ्या पत्नीस रस्ता ओलांडणे अवघड जाते'?" वकील म्हणाले. "काका, एका बाईसाठी सरकार रस्ता वर उचलेल होय? खोडा ते. कारणाच्या जागी लिहा, सार्वजनिक हित."

"पण कारण ते नाही."

"कारण काय आहे ते घरात. अर्जात सार्वजनिक हित."

काकांनी नाइलाजाने ते वाक्य खोडले. वकिलांचे तेवढ्याने समाधान झाले नाही. त्यांचे म्हणणे असे, की रोग आहे फाटकाला आणि औषध चोळताय रस्त्याला. फाटक वीस मिनिटे बंद राहते म्हणून लोक जीव तोडून धावतात. तेव्हा दुसरा अर्ज रेल्वेला करा, की फाटक गाडी येण्यापूर्वी अगदी थोडाच वेळ बंद करावे. काकांना यातला तर्क पटला आणि त्यांनी त्याच बैठकीत तोही अर्ज लिहिला. कारण : सार्वजनिक हित. हा दुसरा अर्ज पुढे काकांच्याच पायात पाय घालणार आहे हे ना वकिलांच्या लक्षात आले ना काकांच्या.

रेल्वेच्या कचेरीत अर्जावर शिक्का बसला, पोच मिळाली आणि अर्ज आत कुठेतरी गेला. नगरपालिकेत तसे झाले नाही. तिथे रस्ते विभागाच्या बाईंनी अर्ज पुढून वाचला, उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली आणि विचारले, "वाहनगणना कुठाय?"

"ती कशी असते?"

"सात दिवस किती वाहनं जातात, किती वेगानं जातात, ते. आमचा माणूस करतो. पण सध्या माणूस नाही."

"मग मी करतो."

"तुम्ही अर्जदार. अर्जदारानं केलेली गणना कशी चालेल?"

"मग कुणी करायची?"

"आमच्या माणसानं."

"तो नाही म्हणालात."

"म्हणून तर म्हणतेय, तुम्हीच करा," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "खाली सही फक्त दुसऱ्या कुणाची तरी घ्या."

काकांनी नवी वही आणली. तिच्यात रकाने पाडले : वेळ, वाहन, वेग, शेरा. गल्लीत वीस मीटर अंतरावर खडूच्या दोन रेघा ओढल्या, दारात खुर्ची टाकली आणि हातात सेकंद मोजायचे घड्याळ घेऊन बसले. पहिल्या दिवशी एकाही वाहनाने मर्यादा ओलांडली नाही. खुर्चीत ताठ बसलेला, वही घेतलेला, चेहऱ्यावर एकतीस वर्षांची सरकारी नोकरी असलेला माणूस दिसला की गल्लीच्या तोंडाशीच ब्रेक लागत होते. एक टेंपोवाला तर उतरून कागदपत्रे दाखवून गेला. अशा गणनेवर गतिरोधक मिळणे शक्य नव्हते. तेव्हा दुसऱ्या दिवसापासून काका शिंप्याच्या दुकानात, टांगलेल्या पँटींच्या मागे बसले.

शिंपी उत्साही माणूस होता. मशीन चालवता चालवता तो मदत करायचा. "काका, ती लाल गाडी. साठ लिहा, साठ."

"एकोणचाळीस भरली."

"चाळीस तरी लिहा. एकानं काय होतंय?"

काकांनी घड्याळावरची नजर न काढता उत्तर दिले, "एक जादा म्हणजे एक खोटं." शिंप्याने तोंडातली टाचणी काढली आणि गणनेचे उरलेले दिवस तो फक्त दोऱ्याशी बोलला.

वही सात दिवसांत भरली. नियमाप्रमाणे शेऱ्याचा रकानाही रिकामा ठेवायचा नव्हता, म्हणून काकांनी रोजच्या रोज, वेळ घालून, लिहिले होते : 'फाटक बंद. सर्व वाहने उभी. वेग शून्य.' या शेऱ्याकडे त्या वेळी कुणाचेच लक्ष गेले नाही. बाईंनी तर वहीचे वजन हातावर जोखले आणि ती फायलीत न मावल्यामुळे नक्कल ठेवून मूळ परत केली.

मग कळले, की गल्लीचा फाटकाकडचा नऊ मीटरचा तुकडा नगरपालिकेचा नाहीच, रेल्वेचा आहे. गतिरोधक त्या तुकड्याच्या अलीकडे बसायचा होता, तरीही रेल्वेचा ना हरकत दाखला लागणार होता. रेल्वे म्हणाली, हद्दीचा दगड दाखवा. दगड शिंप्याच्या दुकानाच्या पायरीखाली निघाला. शिंपी म्हणाला, पायरी फोडू देणार नाही, गिऱ्हाईक चढणार कुठून? मग दोन्ही खात्यांची माणसे येऊन पायरीवर बसली, चहा प्यायली, आणि आपण दगडावर बसलो आहोत असे समजावे, असा पंचनामा झाला. या सगळ्याला सात महिने लागले. काका आठवड्यातून दोनदा खेटे घालत होते. तिकडे खिडकीत ताई दिवसेंदिवस किरकोळ दिसू लागल्या होत्या. मधे एकदा त्या पडल्याही, आणि काकूंना ते दुसऱ्या दिवशी मोलकरणीकडून कळले. सहा मीटर ऐंशी सेंटिमीटरवरची बातमी दुसऱ्या दिवशी. त्या रात्री काकू जेवल्या नाहीत आणि काकांनी कारण विचारले नाही, कारण ते त्यांना माहीत होते.

आठव्या महिन्यात एका सकाळी डांबराची गाडी आली आणि दुपारपर्यंत गतिरोधक झाला. काळाकुळकुळीत, वर पांढरे पट्टे, काकांच्या दारापासून दहा पावलांवर. संध्याकाळी घंटा वाजली. गल्लीत घुसलेली पहिलीच स्कूटर त्यावरून अशी काही उडाली, की मागच्या सगळ्यांनी मुकाट्याने वेग टाकला. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी काठी उचलली, पेपर काखेत धरला आणि निघाल्या. काका मागे उभे राहून बघत होते. पलीकडच्या खिडकीतून आवाज आला, "तूच का गं?" आणि काकू म्हणाल्या, "मीच. काल कोण गेलं माहीत आहे का?" काकांनी नाक शिंकरले आणि डांबराच्या वासाला दोष दिला.

असे चार दिवस गेले. ते काकांच्या निवृत्तीतले सर्वांत चांगले चार दिवस होते. गल्लीतले लोक वाटेत थांबवून हात मिळवत होते. आणि चौथ्या दिवशी शिंप्याने, बिचाऱ्याने कौतुकानेच, विचारले, "काका, झकास झालाय. मापात आहे ना पण?"

हा प्रश्न शिंप्याने विचारला नसता तर ही गोष्ट इथेच संपली असती. काका घरी आले, जेवले, आडवे झाले, उठून बसले. नियमपुस्तिकेत गतिरोधकाची उंची दहा सेंटिमीटर दिली होती, हे त्यांना पाठ होते. दुपारी गल्ली सामसूम असताना ते टेप, पट्टी आणि गवंड्याची पाणसळ घेऊन बाहेर पडले आणि रस्त्यावर चक्क पालथे झाले. एकदा मोजले. बाजू बदलून मोजले. तिसऱ्यांदाही मोजले, पण मापात फरक पडला नाही.

"किती भरला?" चहाच्या वेळी काकूंनी विचारले. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना नवऱ्याचा चेहरा पट्टीसारखा वाचता येत होता.

"साडेचौदा."

"म्हणजे?"

"साडेचार जादा."

काकूंनी कप खाली ठेवला. "राहू द्या ना."

"बेकायदा आहे तो."

"असू दे. मी जाते ना त्याच्यामुळं पलीकडं?"

काकांनी टेप गुंडाळून खिशात घातली. त्यांच्या डोळ्यांपुढे साडूचा काटा होता. सख्ख्या साडूला जी सवलत दिली नाही ती स्वतःला द्यायची, तर मग तेव्हाच का दिली नाही? बारा वर्षे कशासाठी घालवली? बाहेरच्या माणसाला हा मूर्खपणा वाटेल, पण काकांच्या लेखी त्या साडेचार सेंटिमीटरवर त्यांची एकतीस वर्षे उभी होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिसरा अर्ज केला. विषय : गतिरोधकाची उंची नियमबाह्य असल्याबाबत. सोबत तीन मापांचा तक्ता जोडला. हेतू एवढाच, की वरचा थर खरवडून तो दहावर आणावा.

गतिरोधक बसवायला आठ महिने लावणारे खाते या वेळी दोन दिवसांत हजर झाले. नियमबाह्य बांधकाम म्हटल्यावर त्यांचे वेगळे पथक असते आणि त्या पथकाकडे माणसे आहेत. यंत्राने तासाभरात गतिरोधक मुळापासून उखडला. काका "खरवडा, खरवडा, काढू नका" म्हणत यंत्राभोवती फिरत होते, पण यंत्राच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेले नाही.

"नवा कधी?" काकांनी रस्ते विभागात जाऊन विचारले.

"तक्रारीवरून काढलेल्या जागी दोन वर्षं बसवता येत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी फाईल उघडली, तक्रारदाराचे नाव पाहिले, मूळ अर्जदाराचे नाव पाहिले, आणि चष्मा काढून काकांकडे बघत राहिल्या. "तब्येत बरी आहे ना तुमची?"

गल्लीने काकांशी बोलणे कमी केले. वकील जिन्यात दिसले की घड्याळ बघू लागले. शिंप्याने त्या एका प्रश्नाबद्दल आयुष्यभर पुरेल एवढा पश्चात्ताप केला. ताईंचा निरोप मोलकरणीने शब्दशः आणून पोचवला : "तुझ्या नवऱ्यानं आमचा काटा नेला, आता तुझा रस्ता नेला. त्याला म्हणावं, माझी खिडकी तेवढी मोजू नको." काका अपमानाने लाल झाले. पण त्यांना खरे लागले ते हे, की काकू रागावल्याच नाहीत. त्या पुन्हा गॅलरीत जाऊन बसल्या, पेपर मांडीवर ठेवून.

चार-पाच दिवसांनी काकू त्याच गॅलरीत वाहनगणनेची वही चाळत बसल्या होत्या. पेपर मोठ्याने वाचायचा नाही, मनात वाचायला त्यांना आवडत नव्हते, म्हणून हाताशी होते ते वाचत होत्या.

"अहो," त्यांनी हाक मारली, "हे खरं आहे?"

"काय?"

"हे शेवटच्या रकान्यातलं. 'फाटक बंद. सर्व वाहने उभी. वेग शून्य.' सातही दिवस लिहिलंय."

"मी लिहिलंय म्हणजे खरंच आहे."

"मग मी तेव्हा का जात नाही?"

काकांनी वही हातात घेऊन तो रकाना पुन्हा वाचला. आठ महिने ज्याला ते रोग म्हणत आले होते, त्याच रोगात त्यांच्याच अक्षरात उतारा लिहिलेला होता. त्या संध्याकाळी पाच वीसच्या मालगाडीसाठी घंटा वाजली, पळापळ झाली, फाटक पडले आणि गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून उभी राहिली. लोकांनी इंजिने बंद केली. काकू काठी घेऊन उतरल्या. समोरच्या टेंपोवाल्याने त्यांना पाहिले आणि गाडी हातभर मागे घेतली. काकू टेंपो आणि रिकाम्या टॅक्सीच्या मधून सावकाश, कुणाचीही भीती न बाळगता, पलीकडे गेल्या. परत येण्यासाठी साडेसहाची पॅसेंजर होतीच. मधला तासभर निधनवार्ता, हवामान आणि अग्रलेख. पॅसेंजरला उशीर झाला की पुरवणीसुद्धा.

आठवड्याभरात रोजच्या लोकांना सवय झाली. काकांच्या दारासमोर माणूस जाईल एवढी फट आपोआप सुटू लागली. काका फाटकवाल्याला येता-जाता नमस्कार करू लागले. "आज किती वेळ बंद ठेवणार?" असे ते इतक्या आशेने विचारायचे, की फाटकवाला बावचळायचा. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याला या प्रश्नाबरोबर शिव्याच मिळाल्या होत्या.

आणि मग रेल्वेचे पत्र आले. दुसरा अर्ज, जो आत कुठेतरी गेला होता, तो बाहेर आला होता. 'आपण निदर्शनास आणून दिल्याप्रमाणे, नवीन यंत्रणेमुळे सदर फाटक गाडीपूर्वी वीस मिनिटांऐवजी केवळ तीन मिनिटे बंद ठेवण्याचे योजिले आहे. सार्वजनिक हिताच्या दृष्टीने आपण दाखविलेल्या तत्परतेबद्दल आभार. हरकती असल्यास पंधरा दिवसांत कळवाव्यात.' वकिलांनी ते पत्र जिन्यात उभे राहून मोठ्याने वाचले. गल्ली पुन्हा काकांशी बोलू लागली. शिंप्याने पेढे वाटताना असतो तसा चेहरा करून सर्वांना सांगितले, की शेवटी काकाच उपयोगी पडले.

काका घरात आले तेव्हा काकू पेपर घडी घालत होत्या.

"तीन मिनिटांत नाही व्हायचं हो," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही मोजून बघा हवं तर."

काकांनी मोजले. सलग पाच दिवस, दारात उभे राहून. फाटक पडल्यापासून गल्ली थांबेपर्यंत दीड मिनिट. फटीतून पलीकडे जायला अडीच. तिकडची पायरी चढायला एक. एकूण पाच. कमी नाही, जास्त नाही. पाचव्या दिवशी गुडघा जरा धरला होता तरी काकूंनी पाचच मिनिटे घेतली, पण पायरीवर त्या क्षणभर कठड्याला धरून उभ्या राहिल्या. काकांनी ते पाहिले.

रेल्वेच्या कचेरीतल्या कारकुनाने हरकतीचा नमुना पुढे सरकवला आणि मूळ फाईल मागवली. फाईल बघितल्यावर त्याने पेन खाली ठेवले.

"अर्जदार तुम्हीच?"

"हो."

"आणि हरकतदारही तुम्हीच?"

"हो."

"साहेब, मला इथं चौदा वर्षं झाली. फाटक लवकर उघडा म्हणून रोज लोक येतात. बंद ठेवा म्हणून आलेले तुम्ही पहिलेच. कारण काय लिहू? सार्वजनिक हित?"

"नाही," काका म्हणाले. त्यांनी नमुना आपल्याकडे ओढला आणि कारणाच्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिले : 'माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीस दिसत नाही. पत्नी तिला रोज पेपर वाचून दाखवते. फाटक बंद असले तरच पत्नीस रस्ता ओलांडता येतो.' एवढे लिहायला त्यांना बराच वेळ लागला. वर्षभरापूर्वी वकिलांनी खोडायला लावलेले वाक्य होते ते, जरा लांबलेले.

कारकुनाने वाचले. मग त्याने पुन्हा वाचले. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान लांब करून वाचले.

"यात सहसा काही होत नाही," कारकून म्हणाला. "पण तीनचं पाच-सात करायचं तर साहेब करतात कधीकधी, कारण योग्य असेल तर. किती मिनिटं लागतात त्यांना?"

काकांनी खिशातल्या टेपला हात लावला. बाहेर कुठेतरी इंजिनाने शिट्टी दिली.

"सहा," ते म्हणाले.

"मोजलंत ना नीट?"

"एकतीस वर्षं मोजतोय," काका म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. कारकुनाने सहा लिहिले.

महिन्याभरात फाटकाशेजारी नवा फलक लागला : फाटक गाडीपूर्वी सहा मिनिटे बंद होईल. गल्ली खवळली. वकील जिन्याच्या खाली येऊन हातवारे करत म्हणाले, "तीन मंजूर झाली होती, तीन! कुणीतरी हरकत घेतली म्हणे. कोण तो गाढव, एकदा सापडला पाहिजे." शिंपी म्हणाला, "आपल्यातला नसेल हो." मग दोघांनीही सवयीने काकांकडे पाहिले, की तुम्ही यावर एक कडक अर्ज करा. आयुष्यभर प्रत्येक कागदावर पूर्ण नाव आणि सही करत आलेल्या काकांनी फलकाकडे पाहिले आणि म्हणाले, "बघू."

त्या संध्याकाळी घंटा वाजली, फाटक पडले, गल्ली थांबली. काकू फटीतून पलीकडे गेल्या, ताईंच्या पायरीवर चढल्या, आणि मागे वळून पाहतात तो फाटक अजून बंद, गाडीचा पत्ता नाही. त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. मिनिटभराने मालगाडी धडधडत गेली.

घरी आल्यावर त्यांनी विचारले, "मला पाच लागतात. तुम्हीच मोजली होतीत. सहा कुठून आली?"

ते एक मिनिट पुढच्या वर्षीच्या गुडघ्यासाठी होते, त्याच्या पुढच्या वर्षीच्यासाठी होते, आणि काकांच्या हयातीत त्यांनी कुणाला दिलेले ते पहिले खोटे माप होते. त्यांनी काकूंच्या हातातला पेपर घेतला आणि उगाच पुन्हा घडी घालू लागले.

"माप चुकलं असेल," ते म्हणाले.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि त्या दिवशी, अग्रलेखासकट, सगळा पेपर त्यांनाही वाचून दाखवला.